एकशे आठ किलो गूळ आणि वाळूची नदी

आमच्याकडे जेवायला बसलेला माणूस दारात आलेल्याला 'या जेवायला' म्हणतो. आलेला 'आत्ताच झालं, चालू द्या' म्हणतो. त्याचं झालेलं नसतं आणि बोलावणाऱ्याच्या टोपल्यात जास्तीची भाकरी नसते, हे दोघांनाही माहीत असतं. यात कुणी कुणाला फसवत नाही. एकानं वाक्य म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, मग खरं बोलणं सुरू होतं. लातुरात साठ वर्षं काढल्यावर ही रीत माझ्या अंगात इतकी मुरली आहे की आफ्रिकेच्या जंगलात जायचं ठरवतानाही ती तोंडातून निघून गेली.

आफ्रिका माझी नव्हती, बायकोची होती. तिनं तीस वर्षं अकरावी-बारावीला प्राणिशास्त्र शिकवलं. लातुरात हा विषय प्राण्यांसाठी शिकवत नाहीत, डॉक्टर होण्यासाठी शिकवतात. हत्तीवर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून हत्तीवर कुणी शंकाही विचारत नाही. तिच्या प्रयोगशाळेत बरण्यांमधले बेडूक, एक फिक्कट पडलेला साप आणि भिंतीवर झुरळाचा तक्ता होता. ती निवृत्त झाली त्या वर्षी मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल होतो तिथं जुनी मासिकं रद्दीत काढली, आणि सवयीनं मी त्यातली काही घरी आणली. एका मासिकात एक छायाचित्र होतं. कोरडी नदी, नुसती वाळू, आणि एक हत्तीण पुढचा पाय खड्ड्यात घालून वाळू मागे लोटते आहे. शेजारी पिल्लू उभं.

तिनं ते पान बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हा झिरा आहे."

तिचं माहेर रेणापूर तालुक्यातलं, नदीकाठचं. उन्हाळ्यात नदी म्हणजे वाळूच. पोरी वाळूत कोपरभर खड्डा उकरायच्या, त्यात पाणी झिरपायचं, म्हणून तो झिरा. पहिलं पाणी गढूळ. ते वाटीनं बाहेर फेकायचं आणि निवळेपर्यंत शेजारी गप्प बसून राहायचं. घाई करून वाटी घातली की पुन्हा गढूळ. तिनं हे मला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं, पण मी तेव्हा ते तिच्या लहानपणाच्या हालांच्या खात्यात टाकून दिलं होतं. त्या छायाचित्रापुढे बसून ती ते हाल म्हणून सांगत नव्हती. कुणीतरी ओळखीचं भेटावं तसा तिचा चेहरा झाला होता.

छायाचित्रातली ती नदी टांझानियाच्या दक्षिणेला, एका राष्ट्रीय उद्यानात आहे. फारसं कुणी तिथं जात नाही, कारण रस्त्यानं पोचायला दोन दिवस लागतात. छोटं विमान जातं, ते मातीच्या धावपट्टीवर उतरतं. नदीकाठी सहा तंबूंची एक छावणी. तिथून रोज सकाळी बंदूकवाला वाटाड्या तुम्हाला पायी नदीत घेऊन जातो, एकामागे एक, आणि चालताना बोलायचं नाही अशी लेखी अट आहे. हे सगळं आम्ही सहा महिने ईमेल करून शोधून काढलं. जायचं ते ऑक्टोबरात, कारण तेव्हा नदी पूर्ण आटते. पाऊस सुरू झाला की छावणी बंद. आणि पुढच्या वर्षावर ढकलता येत नव्हतं, कारण जानेवारीत तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरांना तिनं सरळ विचारलं होतं. ते म्हणाले, "वाळूत चालायचं असेल तर आधी चालून या. नंतरचं मी आत्ता सांगत नाही."

म्हणजे एकच ऑक्टोबर होता.

मे महिन्यात व्याही आणि विहीणबाई दातांच्या डॉक्टरकडे म्हणून लातूरला आले. आमची मुलगी कंधारला दिलेली आहे. ती आणि जावई पुण्यात असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे जाणंयेणं ठेवलं आहे. व्याही मोठे शेतकरी, शिवाय एका संस्थेचे माजी अध्यक्ष. कोणत्या संस्थेचे हे सात वर्षांत मला विचारायचं सुचलं नाही, आणि आता विचारणं बरं दिसणार नाही. टेबलावर नकाशा पसरलेला होता. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर वाक्याच्या शेवटी रीतीप्रमाणे जोडलं, "चला की तुम्हीपण."

यावर त्यांनी 'छे, आम्हाला कुठं जमतंय, तुम्ही जाऊन या' म्हणायला हवं होतं.

"कधी निघायचं?" व्याही म्हणाले.

मी बायकोकडे पाहिलं. तिनं नकाशाची घडी घातली.

नंतर मी याचा विचार केला. ज्या माणसाला चाळीस वर्षं प्रत्येक उद्घाटनाला, बारशाला आणि वास्तुशांतीला खरोखरच बोलावलं गेलं, त्याच्या कानाला रीतीचं बोलावणं आणि खरं बोलावणं यातला फरक कळेनासा होत असावा. चूक त्यांची नव्हती. मुलीच्या सासऱ्याला 'मी ते उगाच म्हटलं' असं सांगायचं वाक्य मात्र मराठीत नाही. दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर मला ठाऊक नाही.

पुढच्या महिन्यात योजना व्याह्यांच्या हातात गेली. त्यांचे आक्षेप मुद्देसूद होते. सिंह दिसेल याची हमी का नाही? सहाच तंबू म्हणजे बाकीची माणसं कुठं गेली? बोलायचं नाही या अटीवर ते बराच वेळ थांबले.

"बोलायचंच न्हाई तर जायचं कशाला, सर?"

"हत्ती बिथरतात म्हणे."

"आपण काय हत्तीला शिव्या देणार का?"

नांदेडच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी दुसरी सहल काढून आणली. दोन देश, एक धबधबा, बाजार, मोठं प्रसिद्ध अभयारण्य, सोबत आपला स्वयंपाकी आणि चाळीस माणसं. "इथं सिंव्हापाशी गाड्यांची लाइन लागती," ते म्हणाले. ही त्यांच्या दृष्टीनं शिफारस होती. बायको ऐकत होती. सगळं ऐकून तिनं एकच सांगितलं, "मला वाळूची नदी बघायची आहे, भाऊ. बाकी तुम्ही ठरवा." बाकी काही उरत नसल्यामुळे व्याही छावणीला कबूल झाले. पण त्या दिवसापासून ती ईमेल उघडायची तेव्हा मला तिच्या खांद्यांवरून कळायचं की तिला चौघांची मोहीम दिसते आहे, रांगेत सगळ्यांत पुढे व्याही, आणि दूरवर उधळलेले हत्ती.

ऑगस्टमध्ये छावणीकडून अर्ज आले. इंग्रजी माझं म्हणून भरायचे मी. व्याही, विहीणबाई आमच्या हॉलमध्ये बसले होते. जेवणाच्या सवयी, आजार, पिवळ्या तापाची लस, सगळं झालं. मग वजनाचा रकाना आला.

"पंच्याऐंशी लिवा," व्याही म्हणाले.

"पाहुणे, तिथं विमानात चढायच्या आधी काट्यावर उभं करतात. छोटं विमान आहे."

"लिवा पंच्याऐंशी."

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण आयुष्यभर कार्डावरचं आणि पुस्तकावरचं जुळतं का एवढंच बघितलेला मी माणूस. दोन वर्षांपूर्वी व्याह्यांच्या एकसष्टीला कंधारात त्यांची गूळतुला झाली होती आणि मी दुसऱ्या रांगेत होतो. धान्याच्या मोंढ्यातून मोठा तराजू आणून त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. एका पारड्यात व्याही, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पारडी समान झाल्यावर लाऊडस्पीकरवरून आकडा जाहीर झाला, एकशे आठ किलो. टाळ्या झाल्या. गूळ नंतर एका वसतिगृहाला दिला. एकशे आठ हाच आकडा निमंत्रणपत्रिकेतही आधीच छापलेला होता, हे मी तेव्हा मनात टिपून ठेवलं होतं.

"कंधारला एकशे आठ भरलं होतं," मी म्हणालो.

विहीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकशे आठ खोटं म्हणावं तर गूळतुला गेली. खरं म्हणावं तर पंच्याऐंशी गेलं. मला या पेचाची थोडी मजा वाटली, हे मान्य केलं पाहिजे.

"मग एकशे आठ लिवा," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्या तालुक्यानं बघितलंय."

"शंभरच्या वर असलं तर एका माणसाला दोन सीट घ्याव्या लागतात, असं खाली लिहिलंय."

मला वाटलं, आता ते ओशाळतील. त्यांनी जरा पुढे वाकून विचारलं, "दोन शिटा? एका माणसाला?"

"हो."

"लिवा."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या दिवसाच्या विमानात आमच्या चार जागा धरून ठेवल्या आहेत, पाचवी नाही. दुसऱ्या दिवसाच्या विमानानं आलात तर छावणीत तंबू नाही, कारण पुढे हंगाम संपेपर्यंत ती भरलेली आहे. तेव्हा कोण येणार नाही ते आठवड्यात कळवावं.

रविवारी व्याही, विहीणबाई पुन्हा आले. चहा झाला. मी ईमेल मराठीत वाचून दाखवली.

"मग मीच राहतो," व्याही म्हणाले.

हे अगदी बरोबर होतं. आता आम्ही 'असं कसं, तुमच्याशिवाय काय मजा' म्हणायचं. त्यांनी पुन्हा 'न्हाई न्हाई, तुमी जावा' म्हणायचं. मग मी 'मी राहतो' म्हणायचं, त्यांनी ते दोनदा नाकारायचं, आणि तिसऱ्या फेरीत मी राहणार हे नक्की व्हायचं. मुलीकडची बाजू म्हणजे हे आधीच ठरलेलं असतं. मग बायको व्याह्यांच्या मागून नदीत चालणार. मी पहिल्या वाक्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात बायकोनं कप बशीत ठेवला.

"बरं," ती म्हणाली.

व्याही वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट बघत राहिले. उरलेला भाग नव्हता.

"बरं म्हणजे, मॅडम?"

"तुम्ही राहतो म्हणताय, भाऊ. आग्रह कशाला करायचा. दगदग आहे तिथं. त्यात बोलायची चोरी."

व्याही घरी बसलेत आणि मी त्यांच्या बायकोसोबत विमानातून जंगलात चाललोय, हे कंधारात चघळायला दहा वर्षं पुरलं असतं. काहीतरी सावरायला हवं होतं. मी घाईनं म्हणालो, "मग मीही राहतो. पाहुणे एकटे राहणार आणि मी जाणार, हे बरं दिसत नाही."

हेही रीतीचंच होतं. बायकोनं माझ्याकडे मान वळवली.

"बरं," ती म्हणाली. आवाज तोच.

खोलीत दोन पुरुष आपापल्या सौजन्याखाली दबून बसले. विहीणबाईंची सात वर्षांत मी पाच-सहा वाक्यं ऐकली असतील, तीही 'अजून वाढू का' या जातीची. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "ताई, तिकडं लुगड्यावर चालतंय का पँट लागती?"

"पँट बरी. काटे असतात."

"मग शिवून घ्यावी लागंल."

"म्हंजी तू चाललीस?" व्याही म्हणाले.

"तिकीट काढलंय ना," विहीणबाई म्हणाल्या.

अडचण एवढीच होती की कंधारात व्याह्यांचा फ्लेक्स आधीच लागला होता. डाव्या बाजूला सिंह, उजव्या बाजूला काळा चष्मा लावलेले व्याही, मध्ये 'आफ्रिका दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा' आणि खाली शुभेच्छुकांचे बावीस गोल फोटो. परतल्यावर करायच्या सत्काराच्या पत्रिकाही छापून झाल्या होत्या. फ्लेक्स काढला तर का काढला हे सांगावं लागलं असतं. म्हणून दोघी हैदराबादला विमानात बसल्या त्या दिवशी व्याही आफ्रिकेला गेले, म्हणजे एक बॅग घेऊन लातूरला आमच्या घरी आले, आणि अकरा दिवस राहिले.

ते दिवस वाईट गेले नाहीत. मला वरण-भात आणि पिठलं येतं, त्यांना खाता येतं. दिवसा ते बाहेर पडत नसत. लातुरात कंधारची माणसं येत असतात, कुणी क्लासला पोरगं सोडायला, कुणी दवाखान्यात. फोनही उचलत नसत, आफ्रिकेत रेंज नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्या कपाटातून प्राण्यांवरचं एक पुस्तक काढलं आणि चष्मा लावून वाचायला बसले. मोठ्या अक्षरातलं होतं, पण शेवटपर्यंत वाचलं. टांझानियातल्या दार-एस-सलामच्या विमानतळावरून आलेला दोघींचा एक फोटो तेवढा आमच्याकडे होता. विहीणबाई खाकी पँट, फुलांचा सदरा आणि ठसठशीत कुंकू लावून उभ्या होत्या. व्याही तो फोटो मोठा करून बघत आणि पुन्हा लहान करत.

सकाळी उजाडायच्या सुमारास तेवढे आम्ही फिरायला जायचो, ते डोक्याला मफलर गुंडाळून. आठव्या दिवशी मला रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. चोवीस तास उघडं असतं त्या मेडिकल दुकानाबाहेर वजनाचं यंत्र आहे. मी गोळ्या घेऊन बाहेर आलो तर व्याही त्याच्यावर उभे. आकडा लाल दिसत होता. शहाण्णव.

मला पाहून ते घाईनं उतरले नाहीत.

"खुर्ची बारा किलोची होती," ते म्हणाले. "सागवानी. पारड्यात मांडी घालून बसता येईना, म्हून ठिवली."

"म्हणजे तुम्ही शंभरच्या आत आहात. एकाच सीटवर गेला असता."

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"सर, तुमी कंधारचं इच्यारलं. कंधारचं एकशे आठच हाय."

आम्ही परत चालू लागलो. क्लासवाल्यांच्या होर्डिंगांवरची हसरी मुलं एकामागून एक मागे पडत होती. दोन-तीन होर्डिंगं गेल्यावर ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्या ऐतवारी सांगणार होतो. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ही पँट शिवून घेती म्हणाली. चाळीस वर्सात कुटं जायचं नाव काढलं न्हाई तिनं." मग मफलर नीट करत विचारलं, "आज पिठलंच का?"

हे खरं की नंतर सुचलेलं, मला ठरवता आलं नाही. दोन्ही असू शकतं.

दोघी परतल्या त्या दिवशी बायको लंगडत होती आणि तिला ते सांगायचं नव्हतं. अंघोळ झाली, चहा झाला. मग ती बोलली. चौथ्या सकाळी हत्ती दिसले. पाच, सगळ्या माद्या, एक पिल्लू. वाटाड्यानं यांना काठावर एका पडलेल्या झाडामागे बसवलं. सगळ्यांत म्हातारी होती ती पायानं वाळू उकरत होती, मग सोंडेनं. खड्डा झाला, तशी ती थांबली. सोंडेत पाणी घेतलं आणि बाजूला फेकलं. दोन-तीनदा फेकलं. मग तशीच उभी राहिली. पिल्लू पुढे घुसू लागलं, तर पायानं अडवलं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"निवळेपर्यंत." तिनं गुडघ्यावर गरम पिशवी ठेवली. "आम्ही दोघी बसलो होतो तशाच. त्यांनी माझा हात धरला होता. बोलायचं नव्हतं ना."

सायंकाळी, व्याही, विहीणबाई कंधारला निघून गेल्यावर मी तिला यंत्रावरचा आकडा सांगितला.

"शहाण्णव?" ती म्हणाली. "मी पंच्याण्णव धरलं होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या रांगेत मीही होते. खुर्ची दिसत नव्हती का?"

"मग अर्ज भरताना बोलली नाहीस."

"मला कुणी विचारलं नाही."

पत्रिका छापल्या होत्या त्यामुळे सत्कार झाला. कंधारला गूळतुला झाली होती त्याच मंगल कार्यालयात. शाल, श्रीफळ, फेटा, सागवानी खुर्ची. आम्ही दोघं पुढच्या रांगेत होतो, बायकोचे पाय स्टुलावर, शेजारी विहीणबाई, इरकली लुगड्यात. व्याह्यांनी आपण आफ्रिकेला गेलो असं एकदाही म्हटलं नाही, गेलो नाही असंही म्हटलं नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो. सिंहाचं नावही त्यांनी काढलं नाही. ते हत्तींवर बोलले, वाळूच्या नदीवर बोलले, आणि चांगलं बोलले. सभागृह शांत होतं.

"तर मंडळी, त्या हत्तिणीनं वाळू उकरली. पाणी लागलं. लागल्याबरुबर तिनं सोंड घातली, आन् पोटभर पाणी पिली."

"पहिलं फेकतेत," शेजारून विहीणबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण पहिल्या चार रांगांना ऐकू जाईल इतपत.

व्याही थांबले. माईक खरखरला.

"मग थांबतेत," विहीणबाई म्हणाल्या. "निवळल्याबिगर पीत न्हाईत."

"हाव," व्याही माईकवर म्हणाले. "पहिलं फेकतेत. मग थांबतेत." आणि ते खरोखरच जरा वेळ थांबले, मग पुढे बोलू लागले.

बायकोनं स्टुलावरचा पाय हलवून नीट ठेवला. टाळ्या झाल्या तेव्हा मीही वाजवल्या.